चालत जाण्याच्या अंतरावरची चार घरं

सिडकोत राहणाऱ्या एका ताईंनी विचारलं आहे. मुलगा साडेसहा वर्षांचा, दीड वर्षापूर्वी ऑटिझमचं निदान झालं. मिस्टर अंबडला कंपनीत तीन पाळ्यांत कामाला. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामं शिकवणारी थेरपी) आणि स्पीच थेरपी मिळून महिन्याला अकरा हजार जातात. सासूबाई म्हणतात, आमच्या घराण्यात असं कुणी नव्हतं. बिल्डिंगमधल्या वाढदिवसांची बोलावणी बंद झाली आहेत. ‘नाशिकमध्ये पालकांचा आधार गट कुठे मिळेल? नसेल तर मी सुरू करू का? आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना सांगावं की झाकून ठेवावं?’

ताई, मी विशेष शिक्षिका आहे, चोवीस वर्षं झाली. त्यातली नऊ वर्षं दिंडोरी आणि पेठ तालुक्यांतल्या शाळांमधून फिरण्यात गेली, बाकीची शहरात. तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेते. तो सुटल्याशिवाय पहिले दोन सुटत नाहीत.

सांगा. पण सगळ्यांना एकदम नको, आणि रडत तर अजिबात नको. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकू नका. त्यावर हात जोडलेली चित्रं येतात आणि दुसऱ्या दिवशी सगळं विसरलं जातं. एकेकाला समोरासमोर सांगायचं. माझ्याकडच्या आयांना मी चार वाक्यं पाठ करून घ्यायला लावते: ‘याला ऑटिझम आहे. बोललेलं त्याला कळतं, उत्तर द्यायला वेळ लागतो. मोठा आवाज झाला की कान झाकून ओरडतो, तेव्हा त्याला धरू नका, मला हाक मारा. त्याला पाण्याची मोटार चालू झालेली बघायला फार आवडते.’ शेवटचं वाक्य गाळू नका. पहिल्या तीन वाक्यांनी समोरचा माणूस सावध होतो, चौथ्यामुळे त्याला मुलाशी बोलायला विषय मिळतो. मोटार चालू करायला जाणारे काका उद्या स्वतःच हाक मारतील, ‘चल रे, मोटार लावू.’

सांगायची सुरुवात वॉचमनपासून करा. मग किराणावाले, इस्त्रीवाले, शाळेच्या व्हॅनचे काका. नातेवाईक त्यानंतर. ऑटिझम असलेली बरीच मुलं दार उघडं दिसलं की निघून जातात. रस्त्याचं भय त्यांना नसतं आणि हाक मारली तर ओ देत नाहीत. इंदिरानगरचा एक मुलगा भर दुपारी असाच गेटबाहेर पडला होता. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या भाऊंनी ओळखलं, टपरीत बसवलं, हातात रुमालांची चळत दिली आणि घरी फोन केला. आई पोचली तेव्हा तो रुमालांच्या घड्या घालत होता. त्या आईने सहा महिन्यांपूर्वी भाऊंना ही चार वाक्यं सांगून फोन नंबर दिला होता. आधार गट म्हणतात त्याचा पहिला सभासद मला तो इस्त्रीवाला वाटतो.

आवाजाचंही तसंच. श्रावण लागला की नाशिकच्या मैदानांवर संध्याकाळी ढोल पथकांचा सराव सुरू होतो. आपल्याला अभिमान वाटतो, या मुलांच्या मात्र अंगावर येतं. पंचवटीतले एक बाबा वैतागून भांडायला निघाले होते. मी म्हटलं, भांडू नका, मुलाबद्दल सांगा आणि सरावाच्या वेळा विचारून घ्या. पथकातल्या पोरांनी वेळा तर दिल्याच, वर म्हणाले की सराव सुरू व्हायच्या आधी याला घेऊन या. मुलाने एक ताशा हातात धरून पाहिला, स्वतः काड्या मारल्या. स्वतःच्या हाताने काढलेला आवाज त्याला चालला. मिरवणुकीत तो आजही जात नाही, जायची गरजही नाही. पण त्या दीड महिन्यात घरातली संध्याकाळ आता रडण्यात जात नाही, कारण कधी बाहेर पडायचं नि कधी कानांना मफलर गुंडाळायचा ते आधी माहीत असतं.

आता गटाबद्दल. यात माझीही एक चूक सांगते. २००९ साली मी पालक गट सुरू केला होता. हॉल मिळवला, खुर्च्या मांडल्या, दर महिन्याला एका तज्ज्ञांचं व्याख्यान ठेवलं. पहिल्या वेळी तीसेक पालक आले, चौथ्या वेळी पाच. पालकांना कळकळ नाही असं मी तेव्हा मनाशी ठरवून टाकलं. मग सातपूरच्या एका आईला रस्त्यात विचारलं, का आल्या नाहीत? ती म्हणाली, ‘मॅडम, याला कुणापाशी ठेवून येऊ? ठेवायला कुणी असतं तर मला तुमच्या गटाची गरज कशाला लागली असती?’ त्यानंतर मी व्याख्यानं बंद केली. माहिती आता फोनवरही मिळते. या आयांना हवे असतात दोन तास, ज्यात मूल सुरक्षित आहे आणि आपण त्याच्यावर नजर ठेवून नाही. एखादीला त्या दोन तासांत स्वतःचा दात दाखवून यायचा असतो. एखादीला नुसतं झोपायचं असतं.

म्हणून माझं उत्तर असं: मोठा गट शोधत गंगापूर रोडपासून नाशिक रोडपर्यंत फिरू नका. तुमच्या घरापासून चालत जाता येतील अशी चार घरं शोधा. पोराला घेऊन दोन रिक्षा बदलून जायचा आधार तिसऱ्या महिन्यात सुटतो. घरं मिळतात कशी? तुम्ही ज्या थेरपी सेंटरला जाता तिथल्या बाकावर बसणाऱ्या आया पहिल्या. तिथल्या मॅडमना म्हणा, सिडको, अंबड, पाथर्डी फाटा भागातल्या पालकांना माझा नंबर द्या. त्यांचे नंबर मागू नका, ते द्यायचं त्यांच्यावर सोडा. दुसरी जागा सिव्हिल. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत, तिथल्या रांगेत तुमच्यासारखे खूप जण भेटतील. तिसरी जागा म्हणजे समग्र शिक्षा अभियानातले विशेष शिक्षक. तालुक्याला गट साधन केंद्र असतं, शहरात शहर साधन केंद्र. कुठल्या शाळेत कुठलं मूल आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं.

चारही मुलं ऑटिझमचीच हवीत का, असं पुष्कळ पालक विचारतात. माझ्या मते नकोत. अंतर जवळचं असावं, निदान वेगळं चालेल. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची आई उचलायचं-बसवायचं तंत्र जाणते, तुम्ही दिवसभराची कामं चित्रांतून दाखवणारं वेळापत्रक जाणता, डाऊन सिंड्रोमची मुलगी सगळ्यांशी बोलून येते. एकमेकींना देण्यासारखं काहीतरी असलं की गट टिकतो. सगळ्यांचं दुखणं एकच असलं की ‘तुझा बोलायला लागला का?’ ही तुलना फार लवकर सुरू होते.

शनिवारी दुपारी चार ते सहा. जागा अंगणवाडी, समाजमंदिर, नाही तर कुणाचं तळमजल्याचं घर. मुलांना सोबत आणायचं. दोन मोठी माणसं मुलांपाशी, बाकीच्यांनी पलीकडच्या खोलीत चहा प्यायचा आणि पुढच्या शनिवारी पाळी बदलायची. विषयपत्रिका नको, भाषण नको. पहिल्या दोन-तीन शनिवारी मुलं रडतील, कुणी कुणाला ढकलेल, एखादी आई ‘आमचा नको त्यात’ म्हणून उठेल. तिला आग्रह करू नका, पण पुढच्या शुक्रवारी फोन करा.

यातून पुढे एकमेकींच्या घरी मूल ठेवण्यापर्यंत जायचं आहे. ते घाईने करायचं काम नाही. आधी तुम्ही त्याच घरात बसलेल्या असताना वीस मिनिटं मुलाला दुसऱ्या आईच्या हवाली करा. मग तुम्ही खाली जिन्यात. मग भाजी आणायला. महिनाभराने दोन तास. प्रत्येक मुलाचा एक कागद त्या घरच्या फ्रिजवर चिकटवायचा: काय खातो, काय चालत नाही, शूला जायचं असलं की काय खूण करतो, कशाला घाबरतो, शांत कशाने होतो, आणि दोन फोन नंबर.

फिट्स येणारं मूल असेल तर त्या कागदावर औषध, मात्रा आणि डॉक्टरांचं नाव हवंच. गटातल्या प्रत्येकाला हे यायलाच हवं: मुलाला कुशीवर वळवायचं, डोक्याखाली मऊ काहीतरी, आजूबाजूचं टोकदार सामान दूर, आणि घड्याळ बघायचं. तोंडात चमचा घालायचा नाही, पाणी पाजायचं नाही, हातपाय दाबून धरायचे नाहीत. कांदा आणि चप्पल हुंगवायची तर मुळीच नाही. झटका पाच मिनिटांवर गेला, एकामागून एक येत राहिला किंवा मूल शुद्धीवर येईना, तर थेट दवाखाना. मी हे प्रत्येक गटात उशी घेऊन प्रत्यक्ष करून घेते. तुमच्या मुलाला फिट्स येत नसतील तरी शिका, शेजारच्याला येत असतील.

एक नियम पहिल्याच दिवशी सांगून टाका: गटात कुणी औषध, पावडर, तेल, यंत्र किंवा ‘खात्रीचा इलाज’ विकायचा नाही. थकलेल्या आईबापांना फसवणं सोपं असतं, आणि फसवणारे हे बरोबर ओळखून असतात. ऑटिझमवर स्टेम सेलचा (मूळ पेशींचा) उपचार म्हणून लाखो रुपये घेतले गेलेत, दागिने मोडून ते दिलेले पालक मला माहीत आहेत. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत ऑटिझमसाठी अशा उपचाराला मान्यता नाही. नवस बोलायचा असेल तर खुशाल बोला, सप्तशृंगीला जाऊन या, मनाला बळ मिळतं. पण त्यापायी ओटी बुडवू नका. फिटच्या गोळ्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक दिवसही थांबवू नका.

कागदपत्रांची कामं गटाने करायची हे मी आग्रहाने सांगते, कारण एकटी बाई त्यातच खचते. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ चा. त्यात २१ प्रकार आहेत, ऑटिझम आहे, शिकण्यातली विशिष्ट अक्षमताही आहे. दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी केंद्र सरकारच्या स्वावलंबन पोर्टलवर नोंदणी करायची आणि तपासणीला सिव्हिलला जायचं. ऑटिझमसाठी भारतीय मोजपट्टी आहे, तिच्यावर टक्केवारी ठरते. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के अक्षमता लागते. लहान वयात दाखला बहुधा मुदतीचा मिळतो, तेव्हा तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा. आपल्या चार घरांपैकी जिने हे आधी केलंय तिने दुसरीसोबत जायचं. कुठली झेरॉक्स लागते, कुठल्या खिडकीशी उभं राहायचं, मुलाला भूक लागेल तेव्हा डबा कुठे बसून द्यायचा, हे कुठल्याच माहितीपत्रकात नसतं. नोकरदार बापाची सुट्टी आणि मजुरी करणाऱ्याचा रोज यात वाचतो.

दाखला हातात आला की केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय विमा योजना बघा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी ती आहे. वर्षाला एक लाखापर्यंत संरक्षण, आधी वैद्यकीय तपासणीची अट नाही, आणि थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत मिळतो. तुमच्या अकरा हजारांतला थोडा भार तिथे हलका होईल. बिलं जपून ठेवा, थेरपीच्या प्रत्येक बिलावर शिक्का मागा. मिस्टरांना विचारा, ते जुन्या पद्धतीने आयकर भरतात का? असतील तर अशा मुलासाठी ७५,००० रुपयांची वजावट आहे, ८० टक्के किंवा जास्त अक्षमता असेल तर १,२५,०००. महापालिकेला आपल्या निधीतले ५ टक्के दिव्यांगांसाठी राखून ठेवावे लागतात. त्यातून परिसरात काय व्हावं, हे एकटीने मागितलं तर अर्ज फायलीत राहतो. दहा पालक मुलांना घेऊन गेले की निदान बसायला खुर्ची मिळते आणि उत्तर द्यावं लागतं.

शाळेच्या बाबतीत तुमच्या पत्रात फारसं नाही, म्हणून थोडक्यात. दिव्यांग हक्क कायद्याच्या ३१ व्या कलमानुसार ४० टक्के किंवा जास्त अक्षमता असलेल्या मुलाला ६ ते १८ वयापर्यंत जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागांच्या प्रवेशात दिव्यांग मुलं वंचित घटकात धरली जातात. प्रवेश मिळाला म्हणजे काम झालं असं समजू नका. वर्गशिक्षिकेला भेटायला जाताना तक्रारी नेऊ नका, फ्रिजवरचाच कागद न्या. साठ मुलांच्या वर्गात उभ्या असलेल्या बाईंना ‘याला समजून घ्या’ म्हणून काय करायचं ते कळत नाही. ‘याला दाराजवळ बसवू नका, घंटा व्हायच्या आधी एकदा सांगा’ एवढं म्हणा, त्या करतील.

पेठकडची एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. तिथल्या पाड्यावर बौद्धिक अक्षमता असलेला एक मुलगा होता, बारा वर्षांचा. बाकीच्या पोरांबरोबर शेळ्या वळायचा, पाड्यावरच्या प्रत्येक घरात जेवायचा, त्याला कुणी चिडवताना मी पाहिलं नाही. पण त्याला ऐकू कमी येत होतं हे बारा वर्षं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. यंत्रासाठी नाशिकला यायचं तर दोन दिवसांची मजुरी बुडायची. द्राक्षाच्या हंगामात तर अख्खी कुटुंबं निफाड-दिंडोरीच्या बागांवर कामाला निघून जायची, तेव्हा तारीख मिळाली तरी मूल पाड्यावर नसायचं. शेवटी आम्ही सहा मुलांची एकच जीप केली आणि तारीख हंगाम संपल्यावरची घेतली. त्या पाड्याला माणसं होती, सोय नव्हती. तुमच्याकडे सिडकोत थेरपी सेंटरं रिक्षाच्या अंतरावर आहेत आणि वाढदिवसाचं बोलावणं नाही. मला दोन्ही ठिकाणी सारखंच वाईट वाटतं. पण तुमची उणीव तुम्ही चार घरांनी मिळून भरून काढू शकता. पाड्याला ती सोय चार घरांनी उभी करता येत नाही, ती सरकारनेच न्यायला हवी.

वाढदिवसाचं म्हणाल, तर बोलावणी येण्याची वाट बघू नका. चार घरांतली मुलं आणि बिल्डिंगमधली दोनच मुलं बोलवा. फुगे फोडायचे नाहीत, गाणं हळू आवाजात, पाऊण तासात आटपायचं. ती दोन मुलं घरी जाऊन काय सांगतात त्यावर पुढचं अवलंबून असतं, आणि माझा अनुभव असा की मुलं बहुतेक वेळा केकबद्दलच सांगतात.

मिस्टर पाळीमुळे शनिवारी येऊ शकणार नाहीत. बाप लोकांचा वेगळा गट करायला जाऊ नका, ते गोल करून बसत नाहीत. महिन्यातून एका रविवारी सकाळी चार बाप चार मुलांना घेऊन पांडवलेण्यांच्या पायऱ्या चढू देत. पायथ्याशी मिसळ खाऊन परत. चढताना ते एकमेकांशी जे बोलतात ते घरी बोलत नाहीत. मुलाला धाकटं भावंड असेल तर त्यालाही आठवड्यातून एक तास पूर्ण तुमचा द्या, ज्यात दादाचा विषय निघणार नाही.

आमच्यामागे याचं कोण, हा प्रश्न तुम्ही लिहिलेला नाही, पण रात्री तो येत असणार. साडेसहाव्या वर्षी त्याचं उत्तर शोधू नका. अठराव्या वर्षानंतर राष्ट्रीय न्यास कायद्याखाली कायदेशीर पालक नेमता येतो, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक समिती तो नेमते. एवढं आज माहीत असलं तरी पुरे. आणि आपल्या नाशिकमध्येच रजनीताई लिमये होऊन गेल्या. त्या स्वतः शिक्षिका आणि विशेष मुलाची आई. १९७७ साली त्यांनी थोड्याशा मुलांना घेऊन प्रबोधिनी ही विशेष मुलांची शाळा सुरू केली. त्या काळी असं मूल घराबाहेर दाखवत नसत. पंडित कॉलनीतली ती शाळा एकदा जाऊन बघून या, तिथली मोठी झालेली मुलं बघा. तुमचा मुलगा तिथे घाला असं मी म्हणत नाही. पंचवीस वर्षांचं विशेष मूल आपण कुणीच जवळून पाहिलेलं नसतं, म्हणून भविष्याची जास्त भीती वाटते.

राहता राहिल्या सासूबाई. ‘आमच्या घराण्यात असं नव्हतं’ याच्या मागे बहुतेक वेळा भीती असते, की लोक म्हणतील हिच्या रक्तातच काहीतरी आहे. तुम्ही डॉक्टरांचे कागद वाचून दाखवलेत तरी ती जाणार नाही. सून समजावते आहे म्हटल्यावर तर आणखीच घट्ट होते. त्यांना पहिल्याच शनिवारी सोबत न्या. चार घरांत दुसरी एखादी आजी असेलच. दोघींना शेजारी बसवा, समोर निवडायला मेथीची जुडी ठेवा, आणि तुम्ही पलीकडच्या खोलीत चहाला जा.